दार उघडले : एका क्रियापदाची पूर्वपीठिका

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. तेलीबांधा तलावाच्या काठी संध्याकाळची फेरी मारून मी घरी परतत होतो. आमच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहते. त्यांच्या मुलीची सहामाही परीक्षा जवळ आली होती. तिच्या आईने दारातूनच हाक मारली, "काका, हिचं इंग्रजी जरा पाहता का? ह्यांना यायला आज उशीर आहे." वही पुढे आली. इंग्रजी वाक्यांतील क्रियापदे सकर्मक की अकर्मक ते ओळखावयाचे होते. एक वाक्य होते 'द डोअर ओपन्ड', आणि त्याच्या खालीच दुसरे, 'ही ओपन्ड द डोअर'. मुलीने एकापुढे अकर्मक व दुसऱ्यापुढे सकर्मक असे लिहिले होते आणि ते बरोबरही होते. पण तिची शंका निराळीच होती.

"काका, हिंदीत 'दरवाजा खुला' आणि 'दरवाजा खोला' असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत एकच कसा? त्या लोकांना कळतं कसं, दार आपोआप उघडलं की कुणी उघडलं?"

आतून आजींचा आवाज आला, "अगं, आपल्या मराठीतही एकच आहे. दार उघडलं, आणि त्यानं दार उघडलं."

"मी तर 'दार खुललं' म्हणते," मुलगी म्हणाली. त्यावर आजींनी जो सुस्कारा टाकला, तो आपल्या मंडळाच्या बहुतेक घरांतून कधी ना कधी ऐकू आला असेल.

मुलीच्या प्रश्नाला त्या दिवशी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पुढे संपादक मंडळाने सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेखाचा आग्रह धरला तेव्हा हाच विषय मनात आला. प्रस्तुत लेखक व्याकरणाचा पंडित नव्हे. बी. ए. ला संस्कृत घेतले होते, आणि त्यानंतरचे आयुष्य मराठीचे इंग्रजी व इंग्रजीचे हिंदी करण्यात गेले, एवढाच काय तो अधिकार. शिवाय ह्या 'उघडले' शब्दाशी माझा एक जुना हिशेब आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. 'ओपन', 'ब्रेक', 'बर्न', 'मेल्ट', 'स्टॉप' ही क्रियापदे कर्मासह चालतात आणि कर्मावाचूनही चालतात. रूपात फरक मुळीच नाही. काच फुटली तरी 'ब्रेक', पोराने फोडली तरी 'ब्रेक'. आपल्याकडे मात्र फुटणे वेगळे आणि फोडणे वेगळे. त्याचप्रमाणे तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे, टळणे-टाळणे, गळणे-गाळणे. जोड्यांची ही रांग मराठी माणसाच्या जिभेवर इतकी रुळलेली आहे की ती रांग आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. ह्या दृष्टीने पाहता इंग्रजी भाषा दरिद्री वाटते, आणि भाषांतर पाठमाला पाठ करीत असताना मलाही ती तशीच वाटली होती.

परंतु मौज अशी की, सुमारे हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी अशी नव्हती. तिच्यात आपल्यासारख्याच जोड्या होत्या. 'बर्न'चेच घ्या. स्वतः जळण्याला एक क्रियापद होते आणि दुसऱ्याला जाळण्याला दुसरे. फरक स्वराचा, आपल्या जळणे-जाळणे ह्यात आहे तसाच. वितळण्याचीही दोन रूपे होती. त्या जुन्या जोड्यांपैकी काही अजून शिल्लक आहेत, पण खुद्द इंग्रजांनाही त्या जोड्या आहेत हे आठवत नाही. 'सिट' म्हणजे बसणे, तर 'सेट' म्हणजे बसवणे. 'फॉल' म्हणजे पडणे, आणि झाड पाडण्याला अजूनही 'फेल' म्हणतात. 'लाय' आणि 'ले' ही अशीच एक जोडी, आणि तिच्यात गोंधळ करण्यात आपल्या मुलांच्या बरोबरीने इंग्रजांची मुलेही पटाईत आहेत. सर्वांत गंमत 'ड्रिंक' व 'ड्रेंच' ह्यांची. आज 'ड्रेंच' म्हणजे चिंब भिजवणे. मूळ अर्थ मात्र पाजणे. पिणे-पाजणे ही आपली जोडी जशीच्या तशी तिकडे उभी होती!

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. संस्कृतात प्रयोजक क्रियापद करताना धातूचा स्वर वाढतो आणि त्यापुढे 'अय' येतो. पतति म्हणजे पडतो, पातयति म्हणजे पाडतो, ज्वलति, ज्वालयति, सीदति, सादयति. ह्या शेवटच्या जोडीतील 'सद्' धातू आणि इंग्रजीतील 'सिट' हे एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत, आणि 'सादयति' व 'सेट' ही तर सख्खी भावंडे. इंग्रजीच्या पूर्वज भाषांतही प्रयोजकाच्या शेवटी असाच 'य'काराचा प्रत्यय होता. त्याने धातूचा स्वर बदलला आणि कालांतराने तो स्वतः गळून पडला. आपल्याकडेही 'अय' गळाला आणि 'पाडणे'तला दीर्घ 'आ' तेवढा मागे राहिला. दोन दूरच्या घरांत एकच वडिलोपार्जित दागिना निघावा, तसा हा प्रकार आहे.

पुढे इंग्रजीवर दोन संकटे आली. एक आतून. शब्दांची अंत्ये झिजू लागली, स्वर सरमिसळ होऊ लागले, आणि जाळणारा 'बर्न' व जळणारा 'बर्न' एकमेकांत मिसळून गेले. दुसरे बाहेरून. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. 'चेंज', 'मूव्ह', 'बॉइल' हे त्यांतलेच. परका शब्द घरात येतो तेव्हा आपली भावंडे बरोबर आणीत नाही. तो एकटाच येतो आणि दोघांची कामे करतो.

हे वाचताना मला आपला 'बदलणे' आठवला. 'बदल' हा अरबी शब्द फारसीवाटे आपल्याकडे आला, आणि तोही एकटाच! हवा बदलली, त्याने घर बदलले. दोन्हीकडे रूप तेच. हिंदीतही 'बदलना' असाच दुहेरी चालतो. इंग्रजीत 'चेंज'चे जे झाले तेच इकडे 'बदल'चे झाले. (आम्हा केंद्र सरकारी नोकरांचा ह्या शब्दाशी निकटचा परिचय. आमची बदली नेहमी 'होते'. ती कोणी 'केली' हे फाईलवरही सहसा सापडत नाही.)

आता आपल्या जोड्यांतील 'ट' आणि 'ड' ह्यांचे कोडे पाहा. तुटणे परंतु तोडणे, फुटणे परंतु फोडणे, असे का? संस्कृतात अकर्मक रूप 'त्रुट्यति', प्रयोजक 'त्रोटयति'. प्राकृतात आल्यावर पहिल्यातील 'ट्य'चा 'ट्ट' झाला. हे जोडाक्षर दणकट, म्हणून मराठीत त्याचा 'ट' टिकला. दुसऱ्यातील एकटा 'ट' दोन स्वरांच्या मध्ये सापडला आणि मऊ होऊन त्याचा 'ड' झाला. म्हणजे आज आपण 'काच फुटली' म्हणतो तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचा एक 'य' त्या 'ट'मध्ये दडून बसलेला असतो. मराठीच्या अशा वळणांचा शोध घेणारा पहिला मोठा ग्रंथ झ्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडिताने लिहिला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. आपल्या भाषेची जन्मपत्रिका पॅरिसमध्ये मांडली जावी ह्याचा विषाद मानावा की अभिमान, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पण मग 'उघडणे'ची जोडी कोठे गेली? हिंदीच्या जुन्या वळणात 'उघड़ना' आणि 'उघाड़ना' अशी ती आहे. मराठीत पावसाच्या 'उघाडी'त तो दीर्घ 'आ' अजून ऐकू येतो. क्रियापदात मात्र सकर्मक व अकर्मक दोघेही 'उघडणे' ह्या एकाच पाटावर बसले. अशी क्रियापदे आपल्याकडे थोडी आहेत, पण आहेत. खुर्ची मोडली आणि त्याने खुर्ची मोडली. हंडा भरला आणि तिने हंडा भरला. बोट कापले आणि भाजी कापली. पुस्तक हरवले आणि मी पुस्तक हरवले. शालेय व्याकरणात त्यांना 'उभयविध' असे भारदस्त नाव आहे.

हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींच्या नजरेतून सुटला होता असे मात्र नाही. संस्कृत वैयाकरणांनी त्याचा फार खोलवर विचार केला. लाकूड फोडणारा फोडतो, त्या वेळी लाकूड हे कर्म. पण 'लाकूड फुटते' असे म्हटले की तेच कर्म कर्त्याच्या जागी येऊन बसते. पाणिनीने ह्यासाठी स्वतंत्र सूत्र केले, आणि भाष्यकारांनी उदाहरणे देताना 'आपोआप' ह्या अर्थाचा शब्द मुद्दाम जोडला. तो का जोडला, हे कॉलेजात असताना मला कळले नव्हते.

मराठीचे पहिले छापील व्याकरण १८०५ साली विल्यम केरी ह्यांनी सेरामपूरला काढले. त्यांच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. साहेबाला मराठी यावी म्हणून ते लिहिलेले असल्याने त्याचा डोलारा इंग्रजी होता. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले आणि मराठी मुलाला स्वतःच्या भाषेचे व्याकरण स्वतःच्या भाषेत मिळाले. त्यावर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शालापत्रकातून निबंध लिहून खंडनमंडन केले. १९११ साली केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले ह्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले, आणि त्याने इंग्रजी व संस्कृत ह्या दोन्ही साच्यांची झडती घेतली. हे सारे वाद मराठीचे कर्तरी, कर्मणी व भावे प्रयोग नेमके काय आहेत ह्याभोवती फिरतात, आणि आपल्या 'उघडले'ची खरी मेख तेथेच आहे.

आपल्या रायपूरकरांना ह्यात आणखी एक धागा सापडेल. १९२० साली कामताप्रसाद गुरू ह्यांचे 'हिंदी व्याकरण' काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने प्रसिद्ध केले. आज हिंदी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पुस्तकामागे तोच ग्रंथ उभा आहे, आणि त्याच्या मांडणीवर दामल्यांच्या मराठी व्याकरणाचे ऋण आहे. म्हणजे आमच्या गल्लीतली मुलगी शाळेत हिंदी व्याकरण शिकते तेव्हा आडवाटेने ती दामल्यांकडेच शिकत असते. त्याच काळात माधवराव सप्रे ह्यांनी समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. सप्रे आपल्याच रायपूरच्या शाळेत शिकले, आणि १९०० साली त्यांनी वामन बळीराम लाखे ह्यांच्या साहाय्याने पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' काढले. मराठीच्या एका 'उघडणे'पुढे हिंदीचे 'खुलना' आणि 'खोलना' उभे असताना कोणता घ्यावा, हा निर्णय त्यांना पानोपानी करावा लागला असणार. त्याच्याही आधी, १८८५ साली, धमतरीच्या शाळेचे मुख्याध्यापक हिरालाल काव्योपाध्याय ह्यांनी छत्तीसगढी बोलीचे व्याकरण लिहिले होते. ग्रिअर्सन ह्यांनी त्याचे इंग्रजी रूपांतर १८९० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. धमतरीची छोटी गाडी तेलीबांध्यावरून जात असे; रायपूर ते तेलीबांधा हा तिचा तुकडा २०१७ साली बंद झाला. (की केला? असो.)

आता मेख सांगतो. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. 'त्याने दार उघडले, त्याने खिडकी उघडली.' आणि अकर्मकात दार हाच कर्ता, म्हणून 'दार उघडले, खिडकी उघडली.' दोन्हीकडे क्रियापद दाराखिडकीचेच ऐकते. राहिला भेद 'त्याने'मधील 'ने'चा. परंतु 'मी' आणि 'तू' ह्यांना मराठीत तोही लागत नाही. हिंदीत 'मैंने खोला' म्हणावे लागते. आपण नुसते 'मी उघडले' म्हणतो. आणि बोलताना 'मी' एकदा म्हटले की पुढच्या चार वाक्यांत पुन्हा म्हणत नाही. तेव्हा 'उघडले' ह्या एका शब्दात उघडणारा आहे की नाही हे ओळखण्याची एकही खूण कित्येकदा उरत नाही. वर्तमानकाळात 'दार उघडते' आणि 'मी दार उघडतो' ह्यांत घोटाळा नाही. तो घोटाळा सारा भूतकाळाचा. आणि चौकशा नेहमी भूतकाळाच्याच होतात.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. गोदामातून काही सामान गेले आणि रात्रपाळीच्या चौकीदाराची खातेनिहाय चौकशी लागली. चौकीदार भंडाऱ्याकडचा, मराठीखेरीज दुसरी भाषा धड न बोलणारा. चौकशी अधिकारी दक्षिणेकडचे, त्यांना मराठीचा गंध नाही. दुभाष्या म्हणून मला बसवले. चौकीदार म्हणाला, "मी फेरी मारली, कुलपाला हिसका देऊन पाहिला, कुलूप उघडलं, मंग मी आत गेलो." मी इंग्रजीत सांगितले की त्याने कुलूप ओढले, ते उघडले व तो आत गेला, आणि सांगताना 'ही ओपन्ड द लॉक' असे म्हणालो. टंकलेखकाने तसेच उतरवले. चौकीदाराने सही केली. सही त्याला येत होती, इंग्रजी वाचता येत नव्हते.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, "बाबूसाहेब, किल्ली माझ्यापाशी नव्हतीच. साहेब मला पुन्हा पुन्हा किल्ली कुठून आणली म्हणून का विचारत होते?" मी त्याला त्याचे वाक्य पुन्हा म्हणावयास सांगितले. "कुलूप उघडलं," तो म्हणाला. आणि माझा चेहरा पाहून पुढे म्हणाला, "आपोआप उघडलं, साहेब. गंजलेलं होतं."

फेरीवरचा चौकीदार कुलपाला हिसका देऊन पाहतो तो ते लागले आहे ना हे पाहण्यासाठी, हे मला ठाऊक होते. इंग्रजीनेही माझी अडवणूक केली नव्हती. 'द लॉक ओपन्ड' म्हटले असते तर भागले असते, शब्द तेच. कुलूप क्रियापदाच्या अलीकडे ठेवावयाचे की पलीकडे, एवढाच प्रश्न होता. मी पलीकडे ठेवले.

दुरुस्तीची टिप्पणी मी लिहिली, पण ती दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत मी काय करीत होतो ह्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. नोकरी नवी होती आणि चूक कबूल करावयाची होती, एवढे म्हणता येईल. टिप्पणी नस्तीला लागली. जबानीवर सही झालेली आहे, असा शेरा तिच्यावर पडला. चोरीचा आरोप सिद्ध झाला नाही, परंतु विनापरवाना गोदाम उघडले ह्या कारणासाठी त्या माणसाची एक वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. त्याने मला कधी दोष दिला नाही. निवृत्त होऊन तो गावी गेला तेव्हा भेटून गेला, आणि ते मला अधिक जड गेले.

त्यानंतर ज्या ज्या जबान्या माझ्यासमोर झाल्या, त्यांत 'फाईल हरवली', 'सील मोडले', 'पेटी उघडली' असे वाक्य आले की मी लेखणी थांबवून विचारीत असे, 'कोणी?' माझे सहकारी ह्या सवयीला हसत. पाणिनीच्या भाष्यकारांनी 'आपोआप' हा शब्द का जोडला, हे मला त्या टपरीवर कळले होते.

आता आजींच्या सुस्काऱ्याविषयी. ह्या प्रदेशात मराठी आली ती १७४१ च्या भोसल्यांच्या स्वारीपासून. १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले रतनपूरला राहिले. १८१८ नंतर इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. कारकून, वकील, शिक्षक म्हणून आपली घरे इकडे येत राहिली. इतक्या वर्षांत मराठी आणि हिंदी एका चुलीवर शिजल्या, तेव्हा थोडी चव इकडची तिकडे होणारच. नागपूर-वऱ्हाडकडे 'दार खोल' म्हणतात, आणि पुण्याच्या पाहुण्यांनी नाक मुरडले तरी ते काही आजचे नाही. मुलांचे 'खुलले' हे त्याच्या पुढचे पाऊल. आजवर मीही ते दुरुस्त करीत आलो. कळी खुलते, चेहरा खुलतो, दार उघडते, असे घरात शंभर वेळा सांगितले असेल. अजूनही तसेच सांगेन. 'उघडणे'सारखा शब्द मुलांच्या तोंडून जाऊ नये असे मला मनापासून वाटते. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते. 'खुलले' आणि 'खोलले' म्हणणारे मूल नकळत एक हरवलेली जोडी पुन्हा जुळवीत असते. त्या रात्रीचा चौकीदार रायपूरच्या आजच्या मुलांची मराठी बोलत असता, तर 'कुलूप खुललं' म्हणाला असता, आणि मला चूक करण्यास जागाच उरली नसती.

हे सारे त्या मुलीला सांगण्यासारखे नव्हते. परवा ती पुन्हा वही घेऊन आली तेव्हा मी तिला फक्त पडणे-पाडणे, जळणे-जाळणे अशा जोड्या लिहावयास सांगितल्या. तिने अठरा लिहिल्या, दोन आजींनी आतून ओरडून पुरवल्या. विसाव्या जोडीनंतर तिने स्वतःच खाली 'उघडणे' लिहिले, त्याच्यापुढे जागा मोकळी सोडली, आणि तेथे काय लिहावयाचे म्हणून माझ्याकडे पाहिले.